लुगडं नेसून निकाहाला

माझी आई मुसलमान, आणि जन्मभर नऊवारी लुगडं नेसत आलेली. शाहूवाडीकडच्या आमच्या बायका अशाच होत्या. भात लावायला चिखलात उतरायचं तर काष्टाच बरा. पुढं लेकी-सुना पाचवारीवर आल्या, मग सलवार-कमीजवर. अम्मा मात्र काष्ट्यातच राहिली.

यंदा माझ्या भावाच्या मुलीचा निकाह मलकापूरला झाला. अम्मा हिरव्या इरकली लुगड्यात, पदर डोक्यावरून घेऊन बायकांत पुढंच बसलेली. नवऱ्या मुलाची मावशी पुण्याहून आली होती. तिनं मला बाजूला घेतलं आणि कोरा काळा बुरखा हातात ठेवला.

"फोटो निघणार आहेत. लोक विचारतील, ही कोण? आजींना एवढा चढवायला सांगा."

मी तोंड उघडायच्या आत अम्माच उठून आली. तिचे कान अजून तिखट आहेत.

"पावणं, ह्याच लुगड्यात मी नमाज पढत आलो. ह्याच लुगड्यात नवरीच्या बापाला वाढवलं. अल्लानं कवा इचारलं न्हाय, ही कोण म्हणून. तुमच्या लोकांस्नी इचारायचं असंल तर माझ्याकडं पाठवा की!"

भावाला घाम फुटला. सोयरीक मोडते की काय, असं मलाही वाटून गेलं. मावशी फुगली, पण जेवायला बसली. निकाह लागला. फोटोत अम्मा मधोमध आहे.

दुसऱ्या दिवशी अम्माला घेऊन मी एसटीनं कोल्हापूरला निघाले. बरोबर माझी लेक. कॉलेजात गेल्यापासून ती आपल्या मनानं बुरखा घालते. मला तो फारसा रुचत नाही. अम्मानं तिला एवढंच विचारलं होतं, "उकडत न्हाय व्हय गं?" गर्दीमुळं मला मागं जागा मिळाली, आजी-नात पुढं शेजारी बसल्या.

बांबवड्याला बरीच माणसं उतरली. पलीकडच्या बाकावरचा एक गृहस्थ अम्माला म्हणाला, "आजी, हिकडं बसा की. तिच्याजवळ कशाला? ह्या लोकांचं काय सांगता येतंय?"

अम्मानं नातीचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला.

"ही माझ्या लेकीची लेक. मी बी ह्या लोकांतलीच. बोल आता, माझं काय सांगता येत न्हाय?"

"न्हाय... लुगडं बघून वाटलं..."

"वाटू दे. तुला काय वाटतंय म्हणून मी लुगडं सोडणार न्हाय, आन् ही बुरखा."

लेकीचे खांदे हलत होते. रडतेय असं वाटून मी पुढं गेले, तर ती हसत होती. मला मात्र हसू येईना. त्या माणसाशेजारची जागा रिकामीच होती. मी तिथं जाऊन बसले आणि त्याच्याकडं बघत राहिले. कोल्हापूर येईपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत होता.