चिकूचं तोंड पूर्वेला

आमच्या ह्यांचा एक हट्ट होता. मोठं झाड हलवायचं झालं, की खणायच्या आधी बुंध्यावर पूर्वेच्या अंगाला गेरूचा ठिपका लावायचा आणि नव्या खड्ड्यात तो ठिपका पुन्हा पूर्वेलाच आणायचा. कारखान्यात ऑफिसर होते ना, घरातली कुंडीसुद्धा मोजमापानं ठेवायचे. "अगं, ज्या अंगानं ऊन सोसलंय त्याच अंगाला लागू दे," म्हणायचे. मी खोखो हसायचे.

ते गेले आणि थोड्याच काळात अंबरनाथचा आमचा बंगला बिल्डरकडे गेला. मुलीनं मला चिखलोलीला एक रो-हाऊस बघून दिलं आणि ती बंगळुरूला परत गेली. सामान मी बरंचसं वाटून टाकलं, पण परसातला चिकू काही सोडवेना. ह्यांनीच लावलेला. त्याची एक जाड फांदी पूर्वेला, थेट माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर आलेली. तिच्याखाली बसून ते पेपर वाचायचे आणि मी आतून त्यांच्याशी भांडायचे. ते गेल्यावरही माझं भांडण चालूच होतं, फांदीशी. वेड लागलं म्हणा हवं तर. बोलायला तेवढंच उरलं होतं मला.

पालेगावच्या नर्सरीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "आजी, त्यापेक्षा नवीन कलम लावा, काही वर्षांत धरेल."

"काही वर्षं कुणी बघितलीत?" मी फटकन म्हटलं.

त्यानं बुंध्याभोवती गोल चर खणून मुळं छाटली, नवी बारीक मुळं फुटेपर्यंत झाड तसंच ठेवलं, मग मातीचा गड्डा बारदानात घट्ट बांधला. पानं, फांद्या बऱ्याच कापल्या. कापलेल्या जागी पांढरा चीक यायचा आणि मला बघवायचं नाही. खिडकीवरच्या फांदीला मात्र मी त्याला हात लावू दिला नाही. ठिपका मीच लावला.

क्रेननं झाड उचललं, टेम्पोतून चिखलोलीला आलं. आणि तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इथलं स्वयंपाकघर बागेच्या पश्चिमेला! ठिपका पूर्वेला ठेवला, तर फांदी जाणार भिंतीवरून शेजाऱ्यांकडे.

"मग फिरवू की खिडकीकडे," नर्सरीवाला म्हणाला. "त्यानं काही होत नाही आजी. कसंही लावा."

झाड वर लोंबकळत होतं. 'फिरवा' अगदी जिभेवर आलं. त्या फांदीसाठीच तर एवढा खटाटोप केला होता! पण ह्यांचं न ऐकता लावलं आणि वाळलं, तर? मी काय तोंडानं बोलणार होते मग ह्यांच्याशी?

"ठिपका पूर्वेला," मी म्हटलं. आणि पाठोपाठ मोठ्यानं, "गेलात तरी हुकूम काही सुटत नाही तुमचा!" क्रेनवाला दचकून माझ्याकडे बघायला लागला.

पुढे उरलीसुरली पानंही गळली. मी रोज नखानं साल किंचित खरवडून बघायचे, आत हिरवं आहे ना. मग एका सकाळी कोंब दिसले आणि मी तिथेच मातीत बसून रडले. झाड जगलं. चांगलं मजबूत झालं. वाढलं ते सगळं पलीकडे. माझ्या खिडकीतून फक्त बुंधा दिसतो, फांदी नाहीच. सुरुवातीला मी बोलून बघितलं. पण पाठीशी कसलं भांडायचं? हळूहळू बोलणं बंदच झालं माझं. आता दिवस दिवस घरात आवाज नसतो. फार वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू.

परवा बेल वाजली. शेजारची सिंधी सून, उल्हासनगरहून लग्न होऊन आलेली. आजवर गेटपाशी नुसतं हसायचो आम्ही. हातात वाडगाभर चिकू. "आंटी, आपके ही हैं. सब हमारी साइड में लगते हैं." मग आत डोकावून म्हणाली, "घर में कितने लोग हैं? और ले आऊँ?"

"हम दो," एवढं तोंडातून निघूनही गेलं. ती माझ्या मागे बघायला लागली, दुसरं कोण येतंय म्हणून.

"नहीं बेटा," मी म्हटलं. "मैं अकेली हूँ."

ते गेल्यापासून हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा.