भिवाच्या दाराची राखण

अरे वसंता, चहा नंतर! आधी बस आणि ऐक, आत्ता काय झालं ते. सरळ साहेबाच्या खोलीतून येतोय. आपला भिवा नोकरीत पक्का झाला! माझ्या डोळ्यांदेखत सही झाली, वर टिपकागद दाबला.

भिवा म्हणजे आमच्या कारखान्याच्या हॉकी टीमचा गोलकीपर. टीमचा पत्रव्यवहार, सामान, सरबताची लिंबं, सगळं माझ्याच गळ्यात. त्यामुळे त्याचे किस्सेही माझ्याकडेच साठतात. एक सांगायला घ्यावा तर दुसरा मागून ढकलतो! पण शेवटचा ऐकल्याशिवाय तुला उठू देणार नाही. त्यात मी स्वतः अडकलोय.

*

तो सापडला कसा माहितीय? गेल्या हिवाळ्यात टीम सहलीला विंझरला गेली होती. भात काढून खाचरं मोकळी झालेली. आमचे वीर तिथेच खेळायला लागले. पण बॉल बांधावरून उडाला की सुटला खाली ओढ्याकडे!

खाली एक विशीतला गडी शेळ्या चारत होता. बॉल आला की हा नुसता पाय आडवा घालायचा, अनवाणी, आणि वर भिरकावून द्यायचा. बघायचा मात्र शेळ्यांकडेच. आमचा सेंटर फॉरवर्ड पिंटो इरेला पेटला. त्यानं मुद्दाम जीव खाऊन एक हाणला. थाडकन आवाज झाला. बॉल पायाशी थांबला, आणि गडी जांभई देत होता!

साहेब धावत खाली गेला, मागोमाग मी. विचारलं, "अरे, लागलं नाही का?"

"ह्ये लागतंय व्हय? तुमी आमच्या बोकडाची धडक बघा की!"

सांजेला शेळ्या वाडग्यात, म्हणजे काट्यांच्या कुंपणात, घेतल्या की करडं दारातून बाहेर उड्या मारतात. त्यांना पायानं अडवायचं, हे त्याचं लहानपणापासूनचं काम. साहेबानं तिथल्या तिथं त्याला मागून घेतला. एक हंगाम कच्चा, जमलं तर पक्का.

त्याचा बाप धुळाबा काठीवर हनुवटी टेकून सगळं ऐकत होता. म्हणाला, "न्या. पर हंगाम सरताना म्या सोता येऊन बघनार. पोराचं बरं चाललंय असं दिसलं तर ठिवीन. न्हाई तर माघारी."

म्हणजे बघ, पोरगा एक आणि परीक्षक दोन!

*

पुण्यात आल्यावर पहिली भानगड पॅडांची. मी पट्टे बांधून दिले. तो दोन पावलं चालला आणि मटकन बसला.

"ह्या गाद्या कशापायी?"

"पायाला लागू नये म्हणून."

"मंग पायाला कळंल कसं, काय आलंय ते?"

आठवडाभर समजावलं. शेवटी घालायला लागला. एकदा दुपारी बघतो तर गडी पॅड उशाला घेऊन मैदानाकडेच्या झाडाखाली घोरतोय. मी ओरडलो, तर डोळे न उघडताच म्हणाला, "आत्ता कळालं बगा ह्यांचा उपेग!"

*

कागदोपत्री भिवा फिटर. मशीन त्यानं लांबूनच बघितलेलं. एक दिवस वरच्या ऑफिसातून तपासनीस आले. नेमके भिवाच्याच समोर उभे राहिले.

"तुम्ही काय काम करता?"

"दारात उभा ऱ्हातो जी."

"आणि?"

"कुनी आत घुसाया लागला की आडवतो."

"कोणी जबरदस्ती केली तर?"

"आडवा पडतो!"

तपासनीस खूश! रिपोर्टात लिहून गेले की, कारखान्याचा पहारेकरी अत्यंत निष्ठावान आहे. आमचा खरा पहारेकरी दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हता.

*

पहिल्या मोठ्या सामन्यात समोर पलटणीचे धिप्पाड गडी. त्यांचा एक जण बॉल घेऊन सुसाट आला. भिवानं काय करावं? हात पसरले, जिभेनं टकटक केलं आणि शेळीला करतात तसं "हॅऽ हॅऽ हॅऽ, माघारी!" म्हणून हाकलायला लागला. तो जवान भांबावून खरंच थांबला! तेवढ्यात भिवानं बॉल लाथाडला पार पलीकडे.

त्यांच्या कॅप्टननं तक्रार केली. नियमांचं पुस्तक आणलं. शेळ्यांविषयी त्यात काहीच निघालं नाही!

*

आता हसू येतंय, पण मधे फार वाईट दिवस आले रे. एका सामन्यात गुडघ्यावर काठी बसली. सूज उतरली, पण मनातली धास्ती उतरेना. ज्या बॉलपुढे जांभया द्यायचा, तो आला की डोळे मिटायला लागला. ओळीनं तीन सामन्यांत गोल खाल्ले.

साहेबानं बोलावून सांगितलं, "भोरचा सामना शेवटचा. वन गोल, अँड जॉब खल्लास!"

बाहेर आल्यावर भिवा एवढंच म्हणाला, "बाबा बी भोरलाच येनार हायेत."

*

गेला रविवार. भोरला उत्सवातला सामना. नदीकडच्या मैदानावर ही गर्दी! पुढे खुर्च्यांवर संस्थानातली बडी मंडळी, मागे झाडांवर, बैलगाड्यांवर माणसं. आणि आमच्या दोन पंचांपैकी एकाची मोटार कात्रजच्या घाटात बसलेली. भोरवाले म्हणाले, "ह्ये चष्मेवाले शिकल्यालं दिसत्यात, ह्यास्नीच करा." झालं! माझ्या गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ.

पिंटोनं आमचा एक गोल केला. दुसऱ्या अर्ध्या डावात भिवा माझ्याच बाजूच्या गोलात आला. भोरची पोरं जी तुटून पडली, काय सांगू! भिवा अडवत होता, पण चेहरा पांढराफटक. आणि दोरीपलीकडे धुळाबा. त्यांच्या नजरेनं बघ ना. सात-आठ जण काठ्या घेऊन पोराच्या अंगावर धावतायत आणि पोरगा एकटा!

मला म्हणाले, "अवो पावनं, वाडग्याच्या दाराला दोन माणसं लागत्यात. येकल्याला उभा करनारं तुमी कसलं मालक?"

"बाबा, खेळच तसा आहे! मागे व्हा!"

मागे झाले, पण कुठं ते मी बघितलंच नाही. कारण तेवढ्यात भोरचा कॅप्टन सगळ्यांना चुकवून आत घुसला. भिवा डावीकडे पडला. बॉल उजवीकडे! मी "गेला" म्हणून डोळे मिटणार, तोच उजव्या खांबाशी एक काळी, काटकुळी तंगडी आडवी झाली. थाड! बॉल चुन्याच्या रेषेवर जागच्या जागी थांबला.

धुळाबा! धोतर खोचून, एका हातात काठी, पोराच्या दारात उभे!

मैदानावर नुसता कल्लोळ. कॅप्टन बोंबलतोय, "पंच, गोल द्या! बाहेरचा मानूस हाय!" साहेब टोपी चुरगाळतोय. भिवा तसाच मातीत पडलेला, माझ्याकडे बघतोय. नुसता बघतोय रे!

धुळाबा शांतपणे म्हणाले, "गोल का काय त्ये मला ठावं न्हाई. आमच्या दारातनं करडू गेलं न्हाई." मग पोराकडे वळून, "ऊठ. तू बरा राखतुयास. दुसरा मानूस न्हाई, ही ह्यांची चूक. ऱ्हा हितंच."

एक परीक्षक पास करून मोकळा! राहिला साहेब. नियमांचं पुस्तक मला तोंडपाठ, पण त्या क्षणी एक ओळ आठवेल तर शपथ! मी घड्याळात बघितलं. दोन मिनिटं बाकी होती.

मी शिट्टी तोंडात घातली आणि लांबलचक वाजवली. गोल नाही, सामना खलास!

कॅप्टन तरातरा आला. माझ्या हातातल्या घड्याळात ती दोन मिनिटं बघितली, मग माझ्याकडे, मग भिवाला उठवणाऱ्या धुळाबांकडे. म्हणाला, "पंच, तुमचं घड्याळ लई हळू चालतंय की वो!" आणि जाऊन धुळाबांच्या पाया पडला.

आज साहेबानं सही केली, त्याखाली एक ओळ स्वतःच्या हातानं लिहिलीय. सामन्याच्या दिवशी वडिलांना दोरीला बांधून ठेवावे. त्या दोन मिनिटांबद्दल मात्र त्याला काही माहीत नाही. आता तूच खरं सांग वसंता, शिट्टी तुझ्या तोंडात असती, तर तू काय केलं असतंस?