विक्रीला ठेवलेलं पत्र

जुनी नाणी आणि टपाल तिकिटं जमवणाऱ्यांचं प्रदर्शन कोल्हापुरात एका मंगल कार्यालयात दोन दिवस भरतं. तिथं तीन वर्षं माझा स्टॉल होता. मी जुनी पोस्टकार्डं विकते. रद्दीवाल्यांकडून गठ्ठे आणायचे आणि शिक्क्यावरचं गाव बघून खोक्यांत लावायचे. घेणारे फक्त शिक्का बघतात, मजकूर कुणी वाचत नाही. मी मात्र सगळं वाचते.

सगळ्या हॉलमध्ये स्टॉलवाली बाई मी एकटीच, आणि ते बऱ्याच जणांना खुपायचं. माझ्याकडं वळलेल्या गिऱ्हाइकाला शेजारचा नाणीवाला हाक मारायचा, "पावणं, इकडं या, तिथं नुसती रद्दी हाय." मीही गप्प बसत नव्हते. त्याच्या चांदीच्या नाण्यांना चुंबक लावून बघा, असं त्याच्यादेखत सांगायचे.

तिसऱ्या वर्षी, पहिल्याच दिवशी, साठीचे एक गृहस्थ शाहूवाडीचं खोकं चाळत होते. एका कार्डावर त्यांचा हात थांबला.

"हे कुठनं आणलं?"

"रद्दीतनं."

"आमच्या वडलांचं नाव हाय ह्याच्यावर."

मी कार्ड बघितलं. ते मला पाठ होतं. एका बहिणीनं थोरल्या भावाला लिहिलेलं. 'मला घेऊन जावा. इथं जगू देत न्हाईत. पंचमीला तरी या.' अक्षर दुसऱ्या कुणाचं तरी होतं, बहुतेक तिला लिहिता येत नसावं.

"आमच्या आत्तीचं पत्र बाजारात मांडलंय तुम्ही," त्यांचा आवाज चढला. "वाचलंय का हे?"

"वाचलंय."

"आणि लाज न्हाय वाटली?"

माणसं गोळा झाली. नाणीवाला पुढं होऊन म्हणाला, "मी सांगतच हुतो, असला धंदा हाय हिचा." संयोजक आले. काय झालंय ते न विचारताच म्हणाले, "बाई, ते देऊन टाका, न्हाईतर स्टॉल आवरा."

मी विकत आणलेली वस्तू ते मलाच चोरल्यासारखी परत करायला सांगत होते. माझं डोकं फिरलं.

"हे कागद तुमच्याच घरातनं रद्दीत गेले," मी म्हणाले. "मी वाचलं तर मला लाज पाहिजे. तुमच्या घरानं वाचून काय केलं? गेलं का कुणी पंचमीला?"

त्यांचा चेहरा उतरला. माझ्या ते लक्षात आलं, तरी मी नजर हलवली नाही.

"न्हाय गेलं," शेवटी ते म्हणाले. "दिवाळीपतूर ती ऱ्हायली न्हाय."

त्यांनी कार्डाचे दोन तुकडे केले, मग चार. खिशात घातले आणि निघून गेले. संयोजकांनी मला बजावलं, पुढच्या वर्षी अर्ज करू नका. नाणीवाला हसत होता.

चारच्या सुमाराला ते परत आले, एकटेच. या वेळी आवाज खाली होता.

"अजून हायत का तिची?"

होती. त्याच गठ्ठ्यात आणखी दोन होती, टेबलाखालच्या पिशवीत, अजून न लावलेली. एकात तिनं भावाच्या नव्या बाळाचं नाव विचारलं होतं. ते बाळ कदाचित हेच असतील, हा विचार तेव्हाच माझ्या मनात आला. पण सगळ्यांदेखत झालेला अपमान अजून ताजा होता.

"नाहीत," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले. मग खोकी एकदा वरवर बघून गेले.

त्यानंतर मला तिथं स्टॉल मिळाला नाही. ती दोन कार्डं मी विकली नाहीत. त्यांच्यावर भावाच्या घरचा पूर्ण पत्ता आहे, पाकिटात घालून कधीही पाठवता येतील. अजून पाठवलेली नाहीत.