हालगे सर आणि बोलकी पाटी

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी ऑफिसातलं एक अ‍ॅप मोडून ठेवलं. निदान मला तरी तसं वाटलं. बटण दाबलं, लॅपटॉप घरघरू लागला आणि सगळा पडदा लाल अक्षरांनी भरून गेला. मी घाबरून झाकण लावणार, तेवढ्यात शेजारच्या टेबलामागून एक गृहस्थ खुर्ची ओढत आले. पन्नाशीचे असावेत. पांढरा हाफ शर्ट, कपाळावर विभूतीची फिकट रेघ. त्यांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"वाच," म्हणाले.

"काय वाचू?"

"काय लिहिलंय ते. मोठ्यानं. एक शब्द गाळायचा न्हाई."

मी त्या इंग्रजी ओळी अडखळत वाचू लागले. ते डोळे मिटून ऐकत होते. बाराव्या-तेराव्या ओळीला त्यांनी बोट वर केलं. "थांब. वरची समदी नुसती रडारड हाय. दुखणं ह्या ओळीत हाय." त्या ओळीत एवढंच होतं, की एका लायब्ररीला जो कंपायलर हवा होता, त्याच्यापेक्षा आमचा जुना होता. त्यांनी मला एका फाइलीतला एक आकडा बदलायला लावला. पुन्हा बटण दाबलं. चार मिनिटांनी अ‍ॅप उभं राहिलं.

"एरर शिव्या देत न्हाई ताई, पत्ता सांगती," ते म्हणाले आणि खुर्ची ओढत परत गेले.

ते मन्मथ हालगे. आम्ही सगळे त्यांना हालगे सर म्हणायचो. माघारी पोरं त्यांना 'व्हर्जन काका' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

बीडच्या एसटी स्टँडजवळ, पाइप आणि मोटारींच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. दूध डेअऱ्या, क्लासेस, आडतवाले अशांची मोबाइल अ‍ॅप्स आम्ही बनवत होतो. ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांना सांगायचं तर, कुठलंही अ‍ॅप पूर्ण आपलं नसतं. कुणीतरी लिहून ठेवलेले तयार भाग, म्हणजे लायब्ररी, आपण त्यात बसवतो. मग कंपायलर नावाचा प्रोग्राम ते सगळं फोनला कळेल अशा भाषेत उतरवतो. यातल्या प्रत्येकाच्या आवृत्त्या बदलत राहतात. आज जुळलेलं सहा महिन्यांनी जुळत नाही. नवीन काही बनवायची हौस बाकीच्यांना होती. न जुळणारं जुळवायचं काम आपसूक हालगे सरांकडे जायचं.

त्यांची पद्धत ठरलेली. कितीही घाई असो, एका वेळी एकच बदल. "दोन बदलल्या अन् चाललं, तर कशानं चाललं ते जन्मात कळत न्हाई." कुणी उत्साहाने सगळ्या लायब्रऱ्या एकदम नव्या करून टाकल्या, की ते कपाळाला हात लावत. "नवीन हाय म्हणून कावून घेतलं? जुळतंय का बघितलं का?" पण चिडत नसत. त्या पोराची खुर्ची बाजूला सरकवून दुपारभर एकेक आकडा मागे नेत बसायचे.

कामाचं सोडून ते बोलत नसत. डबा स्वतः करून आणत आणि खिडकीकडे तोंड करून खात. आम्ही चहाला खाली उतरलो की "तुमी व्हा पुढं" म्हणत आणि कधीच येत नसत. रविवारीही ते ऑफिसला येतात हे मला दुकानदाराकडून कळलं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "घरी तरी कोन हाय?" ते अशा सुरात, की पुढे काही विचारायची सोय राहू नये.

दसऱ्यानंतर एका सकाळी नेकनूरकडच्या एका गावातून नामदेवराव नावाचे गृहस्थ ऑफिसात आले. सोबत एकोणीस वर्षांची मुलगी, रुक्मिण. तिला जन्मापासून बोलता येत नव्हतं. ऐकू चांगलं यायचं. बीडमध्ये पूर्वी अशा मुलांसाठी एक लहानशी शाळा होती. त्या शाळेसाठी आमच्या ऑफिसाने 'बोलकी पाटी' नावाचं अ‍ॅप बनवलं होतं. पडद्यावर चित्रं; चित्रावर बोट ठेवलं की फोन ते वाक्य बोलून दाखवायचा. शाळा पुढे बंद पडली. बाकीच्या मुलांचं काय झालं कुणाला माहीत नव्हतं, पण रुक्मिण अजून त्या अ‍ॅपवरच बोलायची. तिचा जुना फोन विहिरीत पडला होता, आणि नवा फोन ते अ‍ॅप घ्यायलाच तयार नव्हता.

"कावून घेईना सर?" नामदेवराव म्हणाले. "आमी सोमवारी ऊसतोडीला चाललो. कर्नाटकात. सहा महिने ही चुलत्याकडं ऱ्हानार. पोरीला दुखलं-खुपलं तर सांगंल कशानं?"

हालगे सरांनी रुक्मिणकडे पाहिलं. तिने हसून हात जोडले. दोघांची जुनी ओळख असावी असं मला वाटलं.

"सोमवारच्या आत देतो," सर म्हणाले. तो दिवस मंगळवार होता.

अडचण सांगायला सोपी होती. अ‍ॅप फोनच्या फार जुन्या आवृत्तीसाठी बांधलेलं, म्हणून नवा फोन ते नाकारत होता. नव्याने बांधायचं तर नवा कंपायलर हवा. आणि आवाज वाजवणारी जी लायब्ररी आत होती, तिचं नव्या कंपायलरशी अजिबात पटत नव्हतं. परदेशातल्या कुणा एकाने ती लिहिली होती आणि कित्येक वर्षांपूर्वी सोडून दिली होती. त्या माणसाला सरांनी ईमेल पाठवला. उत्तर आलं नाही.

बुधवारी लाल, गुरुवारी लाल. सर एकेक एरर मोठ्याने वाचायचे, एकेक आकडा बदलायचे, पाठकोऱ्या कागदांवर लिहून ठेवायचे. एक एरर गेली की तिच्या मागे दडलेल्या चार बाहेर यायच्या. शुक्रवारी माझ्याने राहवलं नाही.

"सर, ती लायब्ररी काढूनच टाका ना. फोनमध्ये मराठी बोलणारा मशीनचा आवाज असतोच. तो लावू. अर्ध्या तासाचं काम आहे."

"मशीनचा आवाज न्हाई लावायचा."

"मग आपण नवीन रेकॉर्ड करू."

"न्हाई." एवढं तुटक ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "पोरीला त्याच आवाजाची सवय हाय."

दुपारी ऑफिसच्या मालकांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, "त्यांना टोकू नको. तो आवाज त्यांच्या मिसेसचा आहे." शैलाबाई त्या शाळेत शिकवायच्या. पाटीवरची बासष्ट वाक्यं त्यांनीच म्हटली होती. त्यानंतर दीड वर्षात आजारपणात त्या गेल्या. मूळ रेकॉर्डिंग शाळेच्या कॉम्प्युटरबरोबर भंगारात गेलं होतं. उरलेली एकच प्रत त्या लायब्ररीच्या खास गाठोड्यात बांधलेली होती, आणि ते गाठोडं दुसऱ्या कशानेही सुटत नव्हतं. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं.

मी जाग्यावर येऊन बसले. नंतर त्यांना काही सुचवलं नाही.

शनिवारी सरांनी त्या परक्या माणसाने लिहिलेला लायब्ररीचा सगळा कोडच उघडला आणि नव्या कंपायलरला कळेल असा ओळ-ओळ बदलत गेले. मी शेजारी बसून वाचून दाखवत होते. संध्याकाळी पाचच्या सुमारास पडदा हिरवा झाला. सरांनी ऑफिसात ठेवून घेतलेल्या रुक्मिणच्या नव्या फोनमध्ये अ‍ॅप टाकलं आणि एका चित्रावर बोट ठेवलं.

"मला पाणी पाहिजे," एक बाई म्हणाली. आवाज जरा जाडसर, शाळेत शिकवताना असतो तसा ठसठशीत.

सरांनी त्याच चित्रावर पुन्हा एकदा बोट ठेवलं.

रविवारी आम्ही दोघं बसने नेकनूरला उतरून तिथून रिक्षाने रुक्मिणच्या गावाला गेलो. चुलत्याचं घर गावाच्या कडेला होतं. नामदेवरावांची बांधाबांध चालली होती. रुक्मिणने फोन घेतला, चित्रं दाबली, शैलाबाईंचा आवाज ऐकला. तिचा चेहरा उजळला. तिने कपाळावर कुंकवाची खूण करून दाखवली. ती बाईंची खूण होती हे मला लगेच कळलं. मग तिने आपल्या चुलतबहिणीला, सोनालीला, ओढत आणलं आणि हातांनी भराभर काहीतरी सांगू लागली. सोनाली खाली बघायला लागली.

"काय म्हणती?" सरांनी विचारलं.

"न्हाई, काय न्हाई."

रुक्मिणने तिला कोपराने ढोसलं.

"सर, राग मानू नका," सोनाली म्हणाली. "ती म्हणतीय, बाई तिला लई आवडायच्या. पण आता ह्या आवाजात बोलायची लाज वाटती. दुकानात गेली की पोरं मास्तरीन आली म्हणून नक्कल करत्यात. आन् वाक्यं बी लहान लेकराची हायत. 'मला पाटी द्या', 'मला शाळंत जायचंय', असली. ती आता मोठी झालीय ना."

नामदेवराव पोरीवर खेकसले, "सरांनी एवढं केलं आन् तू..."

सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांचा चेहरा पडला होता. मी पाहिलं, आणि मला वाटतं रुक्मिणनेही पाहिलं; पण तिने नजर वळवली नाही.

"मग कुनाचा आवाज पाहिजे, बाळा?"

रुक्मिणने सोनालीकडे बोट दाखवलं.

"आन् वाक्यं?"

रुक्मिण हातांनी सांगत गेली, सोनाली शब्द देत गेली, सर लिहीत गेले. मी आधी आले होते. माझं मी बघते. मला ऐकू येतं, ओरडू नका. किती झाले, परत सांगा. मला हे आवडलं नाही. आईला फोन लावून द्या. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमत होता, म्हणून सरांनी गोधड्या आडव्या टांगायला लावल्या आणि त्यांच्या आड सोनालीला बसवून एकेक वाक्य म्हणवून घेतलं. दोन ठिकाणी ती हसली, ती वाक्यं पुन्हा घेतली.

मग ओट्यावर बसून त्यांनी लॅपटॉप उघडला. सोनालीचं रेकॉर्डिंग साधंच होतं. कुठलाही फोन ते वाजवू शकत होता. त्या जुन्या लायब्ररीची आता गरज नव्हती. चार दिवस जिच्यासाठी ते झगडले, तिला आत घेणारी ओळ त्यांनी खोडली आणि बटण दाबलं. एकही एरर आली नाही.

रुक्मिणने फोन हातात घेऊन पहिलं वाक्य बापाला ऐकवलं. "मला ऐकू येतं, ओरडू नका." नामदेवराव आधी चपापले आणि मग तोंडावर उपरणं धरून हसले.

परतताना नेकनूरच्या फाट्यावर बसची वाट पाहत आम्ही चहा घेतला. सरांबरोबर मी घेतलेला तो पहिलाच चहा.

"पोरीच्या नावावर खपवत होतो मी," ते म्हणाले. "तिला विचारलंच न्हाई. मंगळवारीच विचारलं असतं तर मंगळवारीच झालं असतं."

"असं का म्हणता सर?"

"खरं हाय ते." कप खाली ठेवत ते पुढे म्हणाले, "'माझा पाय दुखतोय' हे वाक्य हाय ना, ते म्हणताना शैला हसलीय. खोलीत मांजर शिरलं होतं. आमी परत घेतलं न्हाई, तसंच ठेवलं. नीट कान दिला तरच कळतं." मग बस आली आणि बीडपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले.

 

त्यानंतर दोन वर्षांनी मालकांनी ऑफिस पुण्याला नेलं. सर गेले नाहीत; वडवणीला आपल्या घरी परतले. मी दुसऱ्या कंपनीचं काम घरूनच करू लागले. सुरुवातीला आठवड्याला आमचा फोन व्हायचा. मी अडलेली एरर सांगायचे, ते म्हणायचे, "असं मधलंच नको सांगू, वरून वाच." पुढे माझ्या हाताखाली माणसं आली, आणि एररसाठी मला कुणाला फोन करायची गरज राहिली नाही.

ते गेल्याचं मला मालकांकडून कळलं. मी वडवणीला पोहोचले तेव्हा माती आदल्या दिवशीच झाली होती. पुतणे येऊन सगळं करून गेले होते. घराला कुलूप, किल्ली शेजारच्या काकूंकडे. मी तिथवर आले म्हणून त्यांनी ओसरीवर बसायला सतरंजी टाकली.

"तुमी कोन त्यांच्या?"

"आम्ही एका ऑफिसात होतो."

"काय काम करायचे ओ ते? आमाला वाटायचं मोबाईल दुरुस्त करत्यात. मी एकदा माझा घेऊन गेलते, तर म्हनले हे माझं काम न्हाई."

मी त्यांना समजेल असं सांगायला गेले. अ‍ॅपमधले जुने-नवे भाग एकमेकांशी बोलेनासे होतात, तेव्हा सर कुठे अडलंय ते शोधायचे आणि त्यांना बोलतं करायचे. नेकनूरकडच्या एका मुलीचंही सांगितलं.

काकू ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "इथं तर कुनाशीच बोलत न्हवते."

बोलत होते, असं मी म्हणू शकले असते. नुकत्याच सरलेल्या पावसाळ्यात त्यांचे दोन फोन आले होते. दोन्ही वेळा मी मीटिंगमध्ये होते. दोन्ही वेळा मी फोनमधलाच तयार मेसेज पाठवला होता, की नंतर फोन करते. तो फोन राहूनच गेला.