पाच खंडांतली होडीवाली

माझी अक्षरओळख पत्रकांवर झाली. वडील गिरगावातल्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि वाया गेलेले कागद घरी आणायचे. त्यामुळे पंचविशीच्या आत मला एक गोष्ट चांगली जमू लागली होती, ती म्हणजे कितीही मोठा अन्याय एका कागदावर बसवणं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांसाठी मी लिहिलेली पत्रकं लालबाग-परळभर वाटली जायची. तीच वाचून दादरच्या एका दिग्दर्शकांनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर एका जुन्या अद्भुत कादंबरीचे पाच जाडजूड खंड होते. त्यात बंदर बळकावणारा मायावी राजा होता, उडते घोडे होते, बोलती झाडं होती.

"हे अडीच तासांत बसवायचंय," ते म्हणाले. "तू थोडक्यात लिहितोस."

मी लगेच हो म्हटलं, कारण ते खंड मला जवळजवळ पाठ होते. चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत राहणारे मालवणी काका गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, कामाला होते. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यावर ऐकूही फार कमी यायचं. दर रविवारी ते गुडघ्याला गुडघा लावून समोर बसायचे, माझ्या ओठांकडे बघायचे, आणि मी मोठ्याने वाचायचो. असे पाचही खंड आम्ही संपवले होते. सिनेमाला मात्र ते जात नसत. पडद्यावरची माणसं पाठ फिरवून बोलतात, ही त्यांची तक्रार.

पण कादंबरी नक्की कशाबद्दल आहे? दिग्दर्शक म्हणत, राजकन्येबद्दल. चमत्कारांची दृश्यं घेणारे छायाचित्रकार म्हणत, घोड्यांबद्दल. माझ्यापुरता प्रश्नच नव्हता. ते बंदर म्हणजे मुंबई. मी तीन आठवड्यांत पटकथा लिहिली आणि बंदराच्या धक्क्यावर नायकाला सात भाषणं दिली.

दिग्दर्शकांना देण्याआधी पटकथा काकांना वाचून दाखवली. शेवटपर्यंत ते माझ्या ओठांवरून नजर न काढता बसले.

"होडीवाली खंय गेली?"

तिसऱ्या खंडात एक बाई नायकाला काळ्या खाडीपलीकडे सोडते. खाडीच्या गर्जनेत आवाज पोचत नाही, म्हणून ती हातांनी बोलते. चार पानांत येते आणि जाते. मी तिला गाळलं होतं, कारण तिच्या तोंडी एकही वाक्य नव्हतं.

"ती काही बोलतच नाही, काका."

"बोलता. आमी साच्यार बोलतो तशी."

मग त्यांनी मला हातांनी दाखवलं. धागा तुटला. मुकादम जॉबर येतोय. विडी आहे का. मग ते होडीवाली झाले. कुठून आलास, बरोबर कोण आहे, मागे बघू नकोस. मला सगळं कळलं. लाज वाटली आणि रागही आला. मैदानात बसलेल्या हजारोंसाठी लिहायचं, की या एका माणसासाठी?

"ती आसात तर मी बघूक येतलंय," ते म्हणाले. "तेवढा तरी माका कळात."

मी होडीवाली परत लिहिली. दिग्दर्शकांना ती आवडली. पण पाण्याचा सेट एकच उभा राहणार होता. "खाडी घे नाहीतर बंदर घे. दोन्ही नाही."

चळवळीच्या कचेरीतला एक मित्र हसला. "काय रे, होडीत बसून मुंबई आणणार तू?"

पत्रकात मला कधी असा पेच पडला नव्हता. तिथे एक बाजू खरी असायची आणि दुसरी समोर उभी असायची. इथे दोन्ही बाजू माझ्याच होत्या. दोन दिवस मी बंदर खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. शेवटी होडी ठेवली आणि काकांना मोठ्या अभिमानाने सांगायला गेलो.

"मगे बंदर कोण सोडवता?"

"दूत येऊन सांगतो, सुटलं म्हणून."

"नुसता सांगता?"

"तुम्हाला ती भाषणं ऐकू आली नसती, काका."

"माका नाय. बाकीच्यांका येतत ना." ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच मोर्चातून पळून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी दिग्दर्शकांना सांगितलं, बंदर परत हवं.

"आणि होडी?"

"तीही हवी."

तत्त्वाचा प्रश्न आहे, असंही मी बोललो. कुठलं तत्त्व, हे त्यांनी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. त्यांनी शांतपणे माझे कागद बाजूला ठेवले आणि दुसरा लेखक शोधला.

सिनेमा लागला तेव्हा काका धुतलेला सदरा घालून स्वतःहून निघाले. माझी पटकथा गेली, सिनेमात होडीवाली नाही, हे मला ठाऊक होतं, पण सांगायला जीभ रेटली नाही. पडद्यावर राजकन्या होती आणि पुष्कळ घोडे होते. मध्यंतरात काका माझ्याकडे वळले.

"ह्या आपलाच पुस्तक मां?"

मी हो म्हणालो. मग नाही म्हणालो. ते माझ्या ओठांकडे बघत होते, मी आणखी काही सांगेन म्हणून.