ढोलाची खिडकी

रविवारी लोणी काळभोरच्या अलीकडे, भर हायवेवर, आम्ही आमचीच बस रिकामी केली... आणि उन्हात उभे राहिलो. सांगतो.

मी भंडाऱ्याकडचा. आठवीनंतर शाळेचं आणि माझं जमलं नाही. आता खराडीत एका गोडाऊनमध्ये पार्सल चढवतो. एका जागी बसणं मला जमत नाही, आई तर म्हणते याला खुर्ची चावते. म्हणून रविवार आला की मी आमच्या फुटबॉल क्लबच्या मॅचला ढोल वाजवतो. गावाकडे पोळ्याला डफडं वाजवायचो, तोच हात इथे कामी येऊन राहिला.

क्लब छोटाच आहे. पण आमच्या फॅन लोकांचा ग्रुप बघाल तर वाटेल वर्ल्डकप आम्हीच भरवतो... यंदा मॅनेजमेंटने सगळ्या मॅचेस शहरातून उचलून लोणीच्या पुढे एका कॉलेजच्या ग्राउंडवर नेल्या. आणि फॅन लोकांची बस बंद केली. ज्याने त्याने आपापलं यावं म्हणे.

झालं. ग्रुपवर रोज भांडण. खराडीचा अमेय, कंपनीत कॉम्प्युटरवर असतो, तो प्रत्येक गोष्टीवर पोल टाकतो. बाइकने जायचं का बसने, क्लबच्या सेक्रेटरींनी राजीनामा द्यावा का... राजीनाम्याला सगळ्यात जास्त मतं पडली. नारायण पेठेतले जोशीकाका, शाळेतून रिटायर झालेले, त्यांनी खाली एवढंच लिहिलं, ‘मतदान झाले. आता ग्राउंडवर जायचे कसे ते कळवावे.’

शेवटी आम्हीच एक मिनीबस ठरवली. तिच्यात एक नियम आहे. मॅच होईपर्यंत ढोलाला खिडकीची सीट, आणि माझ्याशिवाय कोणी त्याला हात लावायचा नाही. एकदा ढोल पायाशी ठेवला होता, तेव्हा पाच गोल खाल्ले होते. तेव्हापासून काकासुद्धा हे मानतात... बाकी ते देवालाही पुरावा मागतात.

रविवारची मॅच शेवटची होती. हरलो तर खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार होतो. बसमध्ये सेक्रेटरींचा उद्धार चालू होता, आणि मांजरी ओलांडल्यावर पाहतो तर टीमची बस रस्त्याच्या कडेला. बॉनेट उघडं, वाफ निघून राहिली, पोरं जर्सी घालून झाडाखाली. आणि रस्त्यात उभं राहून दोन्ही हात हलवणारे स्वतः सेक्रेटरी.

ड्रायव्हरने विचारलं, “थांबू का?”

काका म्हणाले, “थांबा. पण सावकाश. किती वेळ हात हलवतात ते बघू.”

सेक्रेटरी दारात आले, घामाने भिजलेले. टीम वेळेत पोचली नाही तर समोरच्यांना न खेळता मॅच मिळणार होती. अमेय म्हणाला, “सर, पोल टाकू का ग्रुपवर?” आम्ही हसलो, ते हसले नाहीत. त्यांचा चेहरा बघून मग आमचंही हसू गेलं...

ड्रायव्हर म्हणाला, उभं राहून कोणाला नेणार नाही. म्हणजे एक तर आम्ही, नाही तर टीम. सगळ्यात आधी काका उठले.

“काका, तुम्ही तरी बसा,” सेक्रेटरी म्हणाले.

“मी बसलो तर गोलकीपर कुठे बसणार? मांडीवर?”

भराभर सगळे उतरलो, टीम चढली, बस गेली. मी टाळ्या वाजवायला हात वर केले... तर हातात नुसतं टिपरू. ढोल खिडकीत बसून गेला. एवढी माणसं उतरली, पण ढोलाला उठवायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

मार्केटहून रिकामे क्रेट घेऊन परतणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याने आम्हाला घेतलं. “मॅच हाय व्हय? बसा की.” काका क्रेटवर रुमाल पसरून बसले आणि म्हणाले, “क्लबच्या बसपेक्षा हे वेळेवर आलं.”

ग्राउंड जवळ आलं तसा ढोल ऐकू आला. ना ताल, ना काही... कोणीतरी भांडं आपटावं तसा. माझं डोकं फिरलं. ट्रॉली थांबायच्या आत उडी मारून पळालो.

बघतो तर सेक्रेटरी. बाह्या वर करून, ढोल गळ्यात घालून, पाण्याच्या बाटलीने बडवत होते.

मला बघून ते म्हणाले, “घे रे बाबा. तुझी काठी तुझ्याकडे. पण पोरांना गप्प ग्राउंडवर कसं उतरवायचं?”

एक गोल खाल्ला होता. मी ढोल घेतला. आमची बाकीची माणसं ओरडत आत आली, आणि संपता संपता आमच्या गोलकीपरने लाथाडलेला बॉल इतका लांब गेला की पुढच्या पोराने फक्त डोकं लावलं. बरोबरी. बरोबरीवर आम्ही वाचलो. काका नाचले. व्हिडिओ आहे, पण टाकू देत नाहीत.

नंतर गोलकीपरने सांगितलं, तो खरंच येताना कोणाच्या तरी मांडीवर बसला होता. ढोलाला उठवायची त्याचीही हिंमत झाली नाही.

परत निघताना टीमची बस दुरुस्त होऊन आली होती. तरी सेक्रेटरी आमच्या मिनीबसच्या दारात आले. जागा आहे का, एवढंच विचारलं. सगळ्या सीट भरलेल्या... खिडकीची सोडून.

मी ढोल उचलला आणि त्यांना खिडकी दिली. काका लगेच वळून म्हणाले, “हं, आता सांगा, फॅन लोकांची बस बंद का केली?” पुण्यापर्यंत भांडण चाललं. बस परत सुरू होईल का, माहीत नाही.

मी मात्र ढोल मांडीवर घेऊन रस्ताभर एका जागी बसलो होतो. आईला फोनवर सांगितलं, तर तिला खरंच वाटेना.