पणजोबांची शंभर लिंबं

हसायचं तर आत्ताच हसून घ्या राव, कारण माझ्या हातून झालेला हा गाढवपणा मी काही मान खाली घालून सांगणार नाही.

पिंपरीच्या कारखान्यात नवानवा लागलो होतो, तेव्हाची गोष्ट. सासुरवाडी भोसरीची, सगळे पैलवान. एकदा जेवताना सासरे म्हणाले, "जावईबापू कामाला चांगलं हायेत, पर रक्तात कुस्ती न्हाई."

रक्तात नाही? माझ्या? आमच्या पेटीत पणजोबांचा एक मोडी कागद होता. मला कुठली मोडी येतेय? तो घेऊन गेलो चाकणला, म्हाताऱ्या गुरुजींकडे. ते बोट ठेवून वाचू लागले, "सखाराम यांस आखाड्याकडून दर साल तेल दहा शेर, ताक चार घागरी, हळद दोन शेर, लिंबं शंभर..."

"बास गुरुजी," मी उठलोच. चार घागरी ताक रिचवणारा माणूस पैलवान नाही तर काय कीर्तनकार असणार?

"अरे, खालची ओळ राहिली."

"ती तुम्ही वाचा निवांत."

कागद तिथंच टाकून सायकल थेट भोसरीत, सासऱ्यांपुढे. "मामा, या जत्रेला तुमच्या पुतण्याशी मी कुस्ती धरणार. हरलो तर जन्मभर तुमच्या आखाड्याची माती मळीन."

बायको म्हणाली, "अवं, तुमी कधी पाण्याचा हंडा तरी उचललाय का?" मी ऐकतोय होय. महिनाभर तांब्या-तांब्या ताक पिऊन शिफ्टला गेलो. पोटाचं काय झालं ते शेजारच्या मशीनवाल्याला विचारा.

जत्रेच्या दिवशी दंड थोपटले, पुतण्यानं हात मिळवला आणि मला आभाळ दिसलं. मध्ये काय झालं ते मला अजून कळलेलं नाही.

पडल्यापडल्या वास आला. तेल, ताक, हळद, लिंबू. सगळा त्या मातीलाच. कडेला गुरुजी उभे, हातात माझाच कागद.

"वाचू का आता खालची ओळ? 'आखाड्याची माती मळण्याचे कामी.' तुझे पणजोबा माती तयार करायचे बाबा."

अख्खी जत्रा हसली. सासरे तर मांडी बडवत होते. मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण उठलो, अंग झटकलं आणि म्हणालो, "हसा मामा. उद्यापासून फावडं माझं. रक्तातलंच काम हाय."

तेव्हापासून ती माती मीच मळतो. पंचक्रोशीत तशी मऊ माती नाही. पाठ टेकून खात्री केलेला माणूस आहे मी.